खेळ म्हणजे रिकामपण नव्हे



मुलांचा संध्याकाळचा खेळ बंद करून त्यांना शिकवणीला बसवावे, हे आपल्या अंकातील पत्रलेखकांचे मत पटले नाही. गडी वाटून घेणे, राज्य कोणावर हे ठरवणे, आउटवरून भांडून लगेच त्याच पोरांसोबत पुढचा डाव मांडणे, हे कोणत्या शिकवणीत शिकवतात?

मोठ्यांचे खेळणे तर या पत्रलेखकांना पोरकटपणाच वाटतो. त्यांनी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याच तालुक्यातल्या सिंदी (रेल्वे) येथे तान्हा पोळा पाहावा. पोरे लाकडी नंदी सजवून आणतात, मग घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. भलेमोठे नंदी ओढायला मात्र बाप-काकेच पुढे! एरवी कापसाच्या भावाशिवाय न बोलणारी माणसेही त्या दिवशी दुसऱ्याच्या नंदीची शिंगे न्याहाळत असतात. याला कोणी वेळेची नासाडी म्हणत असेल तर म्हणो.

शिवाय २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान व खेळाचे साहित्य आवश्यक ठरवले आहे. ती कोणाची हौस नाही. शिकवण्या खुशाल चालू द्या, फक्त पाच ते सात ही वेळ सोडून लावा.

– एक आजोबा, सेलू (जि. वर्धा)