सरस्वती गंगाधर 'ग'मध्ये का?

नृसिंह सरस्वतींचा जन्म कारंज्याचा, म्हणून कारंज्यावर प्रबंध लिहिणाऱ्याला त्यांचे चरित्र सांगणारे सरस्वती गंगाधरांचे 'गुरुचरित्र' टाळता येत नाही. झोटेरो या संदर्भसूची बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची नोंद करताना लेखकासाठी दोन रकाने दिसतात: आडनाव आणि नाव. विद्यार्थी शेवटचा शब्द आडनाव समजून भरतो आणि सूचीत 'गंगाधर, सरस्वती' उमटते. गंगाधर हे ग्रंथकाराच्या वडिलांचे नाव. दोन्ही रकाने एकत्र करण्याची सोय झोटेरोत आहे. पण ती मुलांना दाखवणार कोण?

कारंज्याहून वाशीमच्या इतिहासाकडे वळलो की गुंता वाढतो. विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट वाशीमला 1939 मध्ये सापडला आणि वाकाटक राजघराण्याच्या वत्सगुल्म, म्हणजे वाशीमच्या, शाखेचा भक्कम पुरावा हाती आला. वा. वि. मिराशींनी वाकाटकांवर 1957 मध्ये मराठीत ग्रंथ लिहिला, 1963 मध्ये कोरीव लेखांचा इंग्रजी खंड सिद्ध केला. सॉफ्टवेअरच्या लेखी मात्र हे दोन वेगळे लेखक. रोमन लिपीतले मिराशी सूचीच्या एका भागात, देवनागरीतले दुसऱ्याच. इंग्रजी शैली निवडली असेल तर मराठी संपादकाच्या नावापुढेही 'एड.' येते, अनेक लेखक असले की 'एट अल.' येते. मूळ ताम्रपटाचीच नोंद करायची, तर झोटेरोत कोरीव लेखासाठी वेगळा प्रकारच नाही.

सर्वांत घातक चूक सालाची. जुन्या मराठी पुस्तकांवर कित्येकदा फक्त शक छापलेला असतो. शके 1879 म्हणजे इसवी 1957. रकान्यात नुसते 1879 भरले, तर ग्रंथ अठ्ठ्याहत्तर वर्षांनी जुना होतो आणि कालानुक्रमे लावलेल्या सूचीत वरच्या ओळीत जातो. परीक्षकाच्या नजरेतून हे सहज निसटते.

याचा दोष सॉफ्टवेअरला देऊन मी थांबणार नाही. झोटेरो 2006 पासून मोफत आहे. त्याची प्रत्येक संदर्भशैली ही साधी मजकूर-फाइल असते, कोणालाही बदलता येते. जगभरच्या नियतकालिकांच्या आणि विद्यापीठांच्या अशा दहा हजारांवर शैली खुल्या भांडारात आहेत. अडचण आपल्या घरची आहे. आपल्याकडे सूचीचे नियम गाइडगणिक बदलतात. एकाला 'तत्रैव' हवे, दुसऱ्याला ते खपत नाही. एक साल नावानंतर मागतो, दुसरा शेवटी. जे ठरलेलेच नाही ते फाइलमध्ये लिहायचे कसे? शेवटी प्रबंध जमा करण्याच्या आदल्या रात्री डीटीपीवाला हाताने सूची लावतो, आणि वर्षभर जपून केलेल्या नोंदींचे श्रम वाया जातात.

वाशीमची महाविद्यालये ज्या संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाशी जोडलेली आहेत, त्याच्या मराठी व इतिहास अभ्यासमंडळांनी एकत्र बसावे. आडनाव नसलेली नावे, शक, ताम्रपट, हस्तलिखिते यांचे नियम लेखी ठरवावेत, त्यांची शैली-फाइल बनवून प्रत्येक संशोधन केंद्राला द्यावी. तोपर्यंत संशोधकांनी छापण्याआधी सूचीतला प्रत्येक शक आणि प्रत्येक नाव मूळ पुस्तक समोर ठेवून तपासावे.