संज्ञापनाची पदवी कशासाठी?

गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्याकडे गाणे शिकणाऱ्या मुलांच्या आईवडिलांकडून एक प्रश्न वारंवार कानावर येतो. मुलगी पदवीधर झाली. आता परदेशी जाऊन ‘जागतिक माध्यमे आणि संज्ञापन’ या विषयाची पदव्युत्तर पदवी घ्यायची म्हणते. हा विषय तरी काय, आणि त्यासाठी कर्ज काढावे काय? गाण्याच्या मास्तरला हे का विचारावे, असे प्रथम वाटले खरे. पण आपल्या बडोद्यातील जुन्या दक्षिणी घरांतून मुलांच्या शिक्षणाचा निर्णय चार माणसांना विचारून घेण्याची रीत अजून मोडलेली नाही. शिवाय आवाज कोणाचा, तो कोणाच्या कानी जावा आणि हे कोणी ठरवावे, हाच या विद्येचा गाभा आहे. आणि गाण्याबजावण्यावर पोट भरणाऱ्यांचा या प्रश्नाशी संबंध फार जुना आहे.

प्रथम विषयाचे स्वरूप पाहू. ही पदवी म्हणजे दूरचित्रवाणीचे निवेदक घडविणारी शाळा, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नव्हे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सने लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाबरोबर २००० साली सुरू केलेला संयुक्त अभ्यासक्रम हा या विद्येचा नामांकित नमुना होय. एक वर्ष लंडनला, एक वर्ष लॉस एंजेलिसला, आणि अखेरीस दोन विद्यापीठांच्या दोन पदव्या, अशी त्याची आखणी. अशा अभ्यासक्रमांत वृत्तसंस्था, उपग्रहवाहिन्या, इंटरनेटवरील मोठ्या कंपन्या, त्यांची मालकी, त्यांना लागू होणारे कायदे आणि त्यांचा श्रोतृवर्ग यांचा अभ्यास असतो. संशोधनाच्या पद्धती शिकाव्या लागतात आणि बहुधा एक प्रबंध लिहावा लागतो. कॅमेऱ्यापुढे उभे राहण्यापेक्षा कॅमेरा कोणाचा आहे, हे तपासण्यावर भर अधिक.

या विद्येला तिचे आजचे वळण एका भांडणाने दिले, ही गोष्ट घराघरांतून ठाऊक असायला हवी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगाच्या बातम्या मुख्यतः असोसिएटेड प्रेस, युनायटेड प्रेस इंटरनॅशनल, रॉयटर आणि फ्रान्सची एएफपी या चार संस्थांच्या हातून जात. आफ्रिकेतल्या एका देशाची बातमी शेजारच्या देशाला कळायची तर ती लंडन किंवा पॅरिसहून फिरून यायची. या व्यवस्थेविरुद्ध अलिप्ततावादी राष्ट्रांनी आवाज उठविला आणि १९७६ साली दिल्लीच्या परिषदेत आपल्या वृत्तसंस्थांचा सामायिक संघ उभारण्याचे ठरविले. युनेस्कोने १९७७ साली आयर्लंडचे शॉन मॅकब्राइड यांच्या अध्यक्षतेखाली सोळा जणांचा आयोग नेमला. आपल्याकडचे संपादक बी. जी. वर्गीज आणि कादंबरीकार गॅब्रिएल गार्सिया मार्केझ हे त्यात सभासद होते. १९८० साली त्यांचा अहवाल निघाला. ‘आवाज अनेक, जग एक’ अशा अर्थाचे त्याचे शीर्षक होते, आणि बातम्यांचा ओघ एकाच दिशेने वाहतो हे दुखणे त्यात मांडले होते.

पुढे काय झाले? पश्चिमेकडील वृत्तपत्रांनी ओरड केली की, या नावाखाली सरकारे वृत्तपत्रांच्या नाड्या आवळतील. ही भीती अगदीच खोटी नव्हती. या मागणीच्या पुरस्कर्त्यांत अशी सरकारे होती, आणि १९७५ ते १९७७ या काळात आणीबाणीतील प्रसिद्धिपूर्व तपासणी आपणही अनुभवली होती. पण भांडणाचा निकाल युक्तिवादाने लागला नाही. अमेरिका १९८४ अखेर आणि ब्रिटन १९८५ अखेर युनेस्कोतून बाहेर पडले. या मागणीचा वाद हे त्यामागील एक मोठे कारण होते. मागणी कागदावर राहिली. ब्रिटन १९९७ साली आणि अमेरिका २००३ साली परतली. अमेरिका २०१८ अखेर पुन्हा बाहेर गेली, २०२३ साली पुन्हा आली, आणि २०२६ च्या डिसेंबरअखेर आपण परत बाहेर पडत असल्याचे तिने २०२५ च्या जुलैत जाहीर केले. प्रत्येक वेळची कारणे वेगळी. पण मैफलीत बसायचे की उठून जायचे हे ठरविण्याची ऐपत कोणाची असते, ते मात्र यातून स्वच्छ दिसते.

आज चार वृत्तसंस्थांच्या जागी थोड्या तंत्रकंपन्या आल्या आहेत. पूर्वी बातमी निवडणारा संपादक निदान माणूस होता. आता कोणापुढे काय येईल, हे यंत्राची गणिते ठरवितात, आणि ती गणिते गुपित असतात. आमच्या वर्गातल्या एका मुलीने भैरवातली परंपरागत बंदिश गाऊन एका व्यासपीठावर चढविली, तर काही वेळातच तिथल्या यंत्राने ती भलत्याच कंपनीच्या मालकीची ठरविली. जी चीज पिढ्यान् पिढ्या शेकडो गळ्यांतून उतरली तिचा मालक कोण, हे यंत्राला कोणी शिकविले? आणि दाद मागायची कोणाकडे? अशा प्रश्नांची उत्तरे शोधणे हेच या पदव्युत्तर अभ्यासाचे काम. तेव्हा विषय पोकळ आहे असे कोणी म्हणू नये.

पण ‘जागतिक’ या शब्दाने दिपून जाऊन तो साता समुद्रांपलीकडेच असतो, असेही मानू नये. आपल्याच नभोवाणीचे उदाहरण घ्या. १९४० साली तिने हार्मोनियमला बंदी केली, ती १९७१ पर्यंत टिकली. माझे वडील दरबारी सारंगीवादक. त्यांनी कोवळ्या वयात संस्थानच्या कलावंत कारखान्याची अखेरची वर्षे पाहिली. सारंगीवाल्याच्या घराला पेटीबंदीची झळ लागली नाही. पण एका फर्मानाने एका वाद्याचा आवाज तीन दशके देशभर बंद राहू शकतो, हे घरातल्या बोलण्यातून मला लहानपणीच समजले. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांचे प्रेम होते; गवयी-वादकांना त्यांच्या काळात नभोवाणीचा मोठा आधार मिळाला, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. परंतु त्यांनी चित्रपटगीतांना कात्री लावताच श्रोत्याने काय केले? त्याने काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला. त्याच वर्षी तिथे बिनाका गीतमाला सुरू झाली. अखेर १९५७ साली आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. एक राष्ट्र ठरविते, दुसऱ्या राष्ट्राचे प्रक्षेपण त्याला बगल देते, जाहिरातदार मध्ये पैसा ओततो आणि श्रोता आपली निवड करतो: जागतिक माध्यमांचा सबंध पाठ या पाच-सहा वर्षांत सामावलेला आहे.

दुसरे उदाहरण तर आपल्या शेजारचे. आणंदच्या पलीकडे खेडा जिल्ह्यात पीज येथे १९७५ साली एक लहान दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले. अंतराळ संस्थेच्या शास्त्रज्ञांनी चालविलेल्या या प्रयोगात गावोगावी सार्वजनिक संच बसविले. मजुरी, सावकारी, अस्पृश्यता अशा विषयांवर चरोतरच्या बोलीत कार्यक्रम होत, आणि गावकरी स्वतः त्यांत भाग घेत. या कामाला पुढे युनेस्कोचे ग्रामीण संज्ञापनाचे पारितोषिक मिळाले. १९८५ साली ते केंद्र बंद झाले. लंडनच्या वर्गात बसून या प्रयोगावर निबंध लिहिणाऱ्या आपल्या मुलाने पीज डोळ्यांनी पाहिलेले नसावे, हे बरे नव्हे.

आता कर्जाचा प्रश्न. लंडन-लॉस एंजेलिससारख्या दोन वर्षांच्या शिक्षणाचा खर्च राहण्याखाण्यासह अर्ध्या कोटीच्या वर सहज जातो. त्यात वाटा अरुंद होत आहेत. शिकवणीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी जाणाऱ्यांना २०२४ च्या जानेवारीपासून ब्रिटनमध्ये कुटुंब नेता येत नाही. पदवीनंतर तिथे दोन वर्षे राहून काम शोधण्याची सवलत १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना अठरा महिन्यांवर आणण्याचे ठरले आहे. अमेरिकेने २०२५ च्या जूनपासून विद्यार्थी-व्हिसा मागणाऱ्यांना समाजमाध्यमांवरील आपली खाती तपासणीसाठी उघडी ठेवण्यास सांगितले. जी मुलगी अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा सिद्धांत शिकायला निघाली, तिला आधी आपले बोलणे चौकीवर दाखवून पुढे जावे लागते. तेव्हा केवळ तिकडे नोकरी मिळेल या हिशेबाने घर गहाण टाकणे शहाणपणाचे नव्हे. पुणे विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूटमधला संज्ञापन विभाग (१९६४), दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था (१९६५), जामिया मिल्लियातले केंद्र (१९८२) आणि आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातली या विषयाची विद्याशाखा, ही दारे आधी ठोठावून पाहावीत.

तरीही कोणी परदेशी जाऊच नये, असे बडोदेकराने म्हणणे शोभणार नाही. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्येही अभ्यास केला. त्यांचे विषय अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र. पण ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी मुंबईत मराठी पाक्षिक काढले, त्याचे नाव ‘मूकनायक’. बोलणारे कोण आणि मुके कोणी केले, हा संज्ञापनविद्येचा पहिला प्रश्न त्या एका शब्दात आला आहे, मॅकब्राइड आयोगाच्या साठ वर्षे आधी.

याच हकिगतीचा दुसरा भाग आपण जुन्या घरांनी विसरू नये. १९१७ साली शिष्यवृत्तीच्या करारानुसार ते नोकरीसाठी बडोद्यास आले, तेव्हा या शहरात त्यांना राहायला घर मिळाले नाही. ज्या पारशी विश्रामगृहात नाव लपवून आसरा घेतला होता, तेथूनही हुसकावले गेले. कमाटीबागेतल्या झाडाखाली बसून त्यांनी अश्रू ढाळले. दरबाराने शिकायला पैसे दिले, पण शहराने त्यांचे ऐकले नाही. त्या काळी या शहरात वजनाने बोलणाऱ्यांत आपले पूर्वज होते. आज गुजरातेत आपली भाषा थोड्यांची झाली, मराठी पानाला वाचक कमी पडतात, तेव्हा आपला आवाज कोणी ऐकत नाही असे आपण म्हणतो. ते म्हणताना, आपला आवाज मोठा होता तेव्हा आपण कोणाचे ऐकत होतो, हेही विचारले पाहिजे. या विद्येचा खरा उपयोग तो प्रश्न विचारता येण्यात आहे.

म्हणून घरोघरच्या आईवडिलांना माझे सांगणे एवढेच. मुलीला विचारा, तू कोणाचा आवाज शोधायला चालली आहेस? तिच्यापाशी स्वतःचा एक प्रश्न असेल, मग तो पीजच्या गावकऱ्यांचा असो, बंदिशीच्या मालकीचा असो की दांडिया बाजारातल्या मराठी छापखान्यांचा असो, तर तिला जरूर पाठवा. झेपेल एवढेच कर्ज काढा. प्रश्न नसेल तर एक वर्ष इथेच थांबवा. रोज मराठी, गुजराती आणि इंग्रजी अशी तीन वृत्तपत्रे समोर ठेवून, एकच बातमी तिघे कशी सांगतात आणि कोणाला वगळतात, याची वही तिला करू द्या. आधी कान तयार करावा आणि मग गळा, हा आमच्या विद्येतला क्रम आहे. संज्ञापनाच्या विद्यार्थ्यालाही तो लागू पडावा.