आडात किती, ते आधी मोजा

वसईच्या पश्चिम पट्ट्यात वाडी म्हणजे नुसती शेती नव्हे, तो धंदा आहे. वाडी एकरभराची, कुणाची पंधरा-वीस गुंठ्यांची. तेवढ्यात सोनचाफा, मोगरा, केळी, अळू, भाजीपाला. फुले लोकलने दादरला जातात, संध्याकाळपर्यंत पैसा हाती येतो आणि त्यावर घर चालते. अशा धंद्यात लाख-दीड लाखाचे यंत्र घेणे ही लहान गोष्ट नाही. चुकले तर दोन-तीन वर्षांची कमाई त्यात जाते.

सध्या वाडीवर विक्रेत्यांची ये-जा वाढली आहे. कुणी सौर पंप घेऊन येतो, कुणी मोबाईलवर चालणारा स्टार्टर, कुणी मातीतला ओलावा सांगणारा सेन्सर. एकाला अनुदान आहे, दुसऱ्याला कर्ज मिळते. शेतकरी विचारतात, "साहेब, यातले काय घेऊ?" प्रश्न रास्त आहे, पण त्याच्या आधी आणखी एक प्रश्न येतो. आपल्या विहिरीत पाणी किती आहे आणि ते कसले आहे? आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण आपल्या आज्या-पणज्यांनी उगाच केलेली नाही.

समुद्रकाठच्या जमिनीचे गणित वेगळे असते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके, म्हणून ते जमिनीखाली खाऱ्यावर तरंगते. शास्त्राचा ढोबळ हिशेब असा की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर एक फूट असेल, तर खाली साधारण चाळीस फूट गोडे पाणी असते. उलट, वरची पातळी एक फूट उतरली की खालचे खारे पाणी चाळीस फुटांपर्यंत वर सरकू शकते. म्हणून इथे जादा उपशाने विहीर आटते एवढेच होत नाही, ती मचूळ होते. आटलेली विहीर पावसाळ्यात भरते, पण मचूळ झालेली विहीर पूर्ववत व्हायला वर्षे लागतात.

पूर्वी विहिरीवर आणि बावखलावर रहाट होता. बैल थकले की उपसा थांबे. मग विजेची मोटर आली आणि बैलाचा लगाम सुटला, तरी बिलाचा धाक राहिला. १९९० च्या दशकात इमारती झपाट्याने वाढल्या, त्यांच्यासाठी वाड्यांतल्या विहिरींवर टँकर लागले, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीला वसईचे पाणी आणि हिरवाई यांसाठी लढावे लागले. आता सौर पंप आला आहे. त्यात बिलाचाही धाक नाही. ऊन आहे तोवर पाणी ओढत राहा! आमचा सौर पंपाला विरोध नाही. जिथे वीजजोडणी नाही तिथे तो वरदान आहे. मात्र लगाम यंत्रात नसेल तर तो आपल्या हातात असायला हवा.

हा लगाम म्हणजे मोजमाप, आणि त्याला फारसा खर्च नाही. विहीर थोडी उपसा, दोरीला गाठ मारून पातळी बघा, तासाभराने पुन्हा बघा. दहा फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी चढले, तर तासाला सुमारे २,२०० लिटर आवक झाली. तासाला २० हजार लिटर ओढणारा पंप अशा विहिरीवर बसवला, तर तो नऊ तासांची आवक एका तासात संपवील. ही मोजणी एप्रिल-मेमध्ये करावी, कारण पावसाळ्यातली विहीर सगळ्यांनाच श्रीमंत दिसते.

दुसरे मोजमाप खारेपणाचे. हातात धरायचा टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो. आकडा ५०० च्या आत असेल तर पाणी बहुतेक पिकांना चालते. ५०० ते १,५०० असेल तर पीक पाहून द्यावे. त्याच्या वर गेले तर केळी आणि घेवड्यासारख्या नाजूक पिकांना ते देऊ नये. नारळ मात्र बराच तग धरतो. मोठा खर्च करण्यापूर्वी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्यावाच, कारण सोडियमचे प्रमाण मीटर सांगत नाही.

हे दोन आकडे हाती आले की निम्मी खरेदी आपोआप ठरते. उदाहरण घ्या. वीस गुंठ्यांत दीड-दीड मीटरवर साधारण ९०० केळी बसतात. प्रत्येक झाडाला ४ लिटरचा एक ड्रिपर धरला तर तासाला ३,६०० लिटर पाणी लागते. वाडीचे दोन भाग करून दोन व्हॉल्व्ह बसवले की १,८०० लिटरवर भागते. वर सांगितलेल्या विहिरीची आवक २,२०० लिटर आहे. म्हणजे विहिरीला ताण न देता हे काम होते, आणि एक अश्वशक्तीची मोटर पुरते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्तीचा पंप मिळतो. शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के. पंप स्वस्तात मिळतो, पण त्यामुळे विहिरीची आवक वाढत नाही.

तेव्हा क्रम असा ठेवावा. आधी मोजमाप. मग बावखलाचा गाळ काढणे आणि छपराचे पाणी गाळून विहिरीत सोडणे. त्यानंतर ठिबक, आणि ठिबकमध्ये फिल्टरवर कंजुषी नको. अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज करून पूर्वसंमती हातात आल्यावरच खरेदी करावी. पाणी थोडे मचूळ असेल, तर पावसाच्या पहिल्या हलक्या सरींत ठिबक लगेच बंद करू नये, नाहीतर कडेला साठलेले मीठ मुळाशी येते. स्टार्टर, टायमर, सेन्सर यांचा नंबर सगळ्यात शेवटी. घेण्याआधी विक्रेत्याला एवढे जरूर विचारावे की बिघडले तर दुरुस्तीला माणूस कुठून येणार आणि किती दिवसांत?

यावर कुणी म्हणेल, "मी जपून उपसले आणि शेजाऱ्याने मोठा पंप लावला, तर माझे काय?" हा आक्षेप खरा आहे. खाऱ्या पाण्याला बांध कळत नाही, सातबाराही कळत नाही. म्हणून हे काम एकट्याचे नाही. आळीतल्या पाच-दहा वाड्यांनी मिळून एक मीटर घ्यावा, पंधरवड्याला आकडे वहीत लिहावेत आणि उन्हाळ्यात उपशाच्या पाळ्या ठरवाव्यात. ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी यांनी निदान निवडक विहिरींची एप्रिल-मेची नोंद ठेवावी, आणि पंपाची शिफारस करताना ती वही उघडून बघावी. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात रस्ता-गटाराबरोबर बावखलालाही जागा द्यावी.

यंत्र बिघडले तर दुरुस्त होते, कर्ज आज ना उद्या फिटते. पण गोड्या पाण्याची विहीर कोणत्याही योजनेत मिळत नाही. येत्या उन्हाळ्यात पंपाचे दरपत्रक मागवण्यापूर्वी प्रत्येक वाडीवाल्याने एकदा दोरी घेऊन विहिरीवर जावे.