यंत्र आणि घर : इंजिनाचा श्वास

गेल्या वैशाखांत आमची सांगलीची धाकटी बहीण आपल्या चिरंजीवांसह आमच्याकडे साताऱ्यास आली, ती आमच्या कैलासवासी मेहुण्यांच्या जुन्या फियाट मोटारींतून. दुसरे दिवशीं सर्वांनीं मिळून पांचगणीस जाण्याचा बेत ठरला. वाईपर्यंतचा रस्ता सुखानें संपला. परंतु पसरणीचा घाट लागतांच मोटार धापा टाकूं लागली. मागील गाड्यांचे कर्णे ऐकत, पहिल्या गिअरवर, आम्ही कसेबसे माथ्यावर पोहोंचलों. भाच्याचा चेहरा उतरला होता. महिन्यापूर्वींच त्यानें इंजिनाचें हेड उतरवून एका कारागिराकडे दिलें होतें, आणि त्या कारागिरानें हवेच्या वाटा कोरून रुंद केल्या होत्या व आरशासारख्या चकचकीत करून दिल्या होत्या. पैसेहि बरेच पडले. “मामा, वाट रुंद केली तर हवा जास्त जावयास नको कां?” असें त्यानें विचारलें. प्रश्न रास्त होता. आणि जुनी मोटार जिव्हाळ्यानें बाळगणाऱ्या प्रत्येक कुटुंबास त्याचें उत्तर उपयोगी पडेल, म्हणून तोच या महिन्याचा विषय.

प्रथम हेडाचें काम ध्यानांत घेऊं. दट्ट्या खालीं उतरला कीं सिलिंडरांत पोकळी निर्माण होते, आणि हेडांतील वाटेनें व तिच्या टोकाशीं असलेल्या झडपेनें (मिस्त्री हिला वॉल्व्ह म्हणतात) बाहेरची हवा पेट्रोलचे कण घेऊन आंत धांवते. या फियाटच्या इंजिनाचें आकारमान १०८९ घन सेंटिमीटर आहे. तें मिनिटास ४००० फेरे घेऊं लागलें म्हणजे पूर्ण भरण्यासाठीं त्याला दर सेकंदास सुमारें ३६ लिटर हवा लागते, आणि प्रत्येक झडपेस सेकंदांत ३३ वेळां उघडावें व मिटावें लागतें. पेट्रोल वाढविणें सोपें. त्याला पुरेल इतकी हवा आंत नेणें हीच खरी अडचण. त्यांतून पांचगणीची उंची सुमारें १३०० मीटर. म्हणजे तेथील हवा समुद्रकांठच्या मानानें जवळजवळ एक अष्टमांश विरळ!

मग वाट रुंद करण्यांत चुकलें कोठें? शेतांतला पाट पाहावा. तो गरजेपेक्षां रुंद खणला तर पाणी मंदावतें आणि गाळ तळाशीं बसतो. इंजिनांतहि तसेंच होतें. बेताच्या वाटेंतून वेगानें येणाऱ्या हवेस एक जोर असतो. दट्ट्या तळ गांठून परत फिरूं लागला तरी ती त्या जोरावर क्षणभर आंत शिरतच राहते. वाट फार रुंद झाली कीं हा जोर ओसरतो, आणि पेट्रोलचे कण वाटेच्या भिंतींस चिकटतात. सपाट रस्त्यावर, भरवेगांत, हा दोष झांकला जातो. घाटांत इंजिन मंद फिरत असतां तो उघडा पडतो.

शिवाय मोठा अडथळा बहुधा त्या वाटेच्या मोकळ्या भागांत नसतोच. तो असतो झडपेच्या बैठकीपाशीं आणि बैठकीच्या अलीकडच्या वळणावर. झडप आपल्या व्यासाच्या एक चतुर्थांश उचलली गेली, तरच तिच्या भोवतालच्या फटीचें क्षेत्रफळ तिच्या तोंडाच्या क्षेत्रफळाइतकें होतें. ३२ मिलिमीटर व्यासाच्या झडपेच्या बाबतींत ही उचल ८ मिलिमीटर होय. तोंवर दार अर्धवटच उघडें; मग अंगण कितीहि रुंद केलें तरी काय उपयोग?

तथापि आपल्या इंजिनांत अडथळा नेमका कोठें आहे, हें मोजल्यावांचून कळत नाहीं. इंग्लंडांत हॅरी वेस्लेक या गृहस्थानें दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत हेडांतून हवा सोडून ती मोजण्याचा मार्ग धरला. १९३५ सालच्या एस. एस. जॅग्वार मोटारीसाठीं त्यानें नवें हेड आंखून दिलें, आणि ज्या इंजिनापासून पूर्वीं पाऊणशेंच्या आंतबाहेर अश्वशक्ति मिळे, तें शंभरावर गेलें. १९५२ पासून मॉरिस मायनर मोटारीस बसविलेल्या इंजिनांतील, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची ज्वलनपोकळी हीहि त्याचीच कल्पना.

आमच्या भागासहि ही वृत्ति परकी नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं औंध संस्थानच्या माळरानावर कारखाना उभारला. तें किर्लोस्करवाडी गांव आज सांगली जिल्ह्यांत आहे. सातारा रोड येथील धनजीशा कूपर यांच्या कारखान्यानें १९३३ सालीं डिझेल इंजिन घडविलें, तें भारतांतील पहिलें गणलें जातें. असल्या कारखान्यांत मापावांचून धातूला हत्यार लागत नाहीं. मग घरच्या मोटारीलाच तें कां लागावें?

मापाचें साधन घरीं करण्याजोगें आहे. एक घट्ट लांकडी पेटी घ्यावी. तिच्या माथ्यावर सिलिंडरच्या व्यासाइतकी नळी बसवून तीवर हेड ठेवावें, आणि दुसऱ्या टोकास कचरा ओढणारें विजेचें यंत्र जोडावें. (यासाठीं आमच्या घरांतील यंत्र भाच्यानें चार दिवस अडकविलें, व गृहिणीचा रोष मात्र आम्ही सोसला.) पेटीच्या मध्यें एक पडदी असावी व तींत एक गोल छिद्र. रंगीत पाण्याच्या दोन वांकड्या कांचनळ्या लावाव्या : एक हेडाखालची ओढ दाखविते, दुसरी छिद्राच्या दोन बाजूंमधील दाबाचा फरक. पहिली नेहमीं एकाच आंकड्यावर, समजा १० इंचांवर, ठेवावी. मोठ्या यंत्रशाळांत २८ इंचांचा प्रघात आहे. प्लगचें भोंक बंद करावें, हवेच्या वाटेच्या तोंडाशीं मातीची गोलसर कड लावावी, आणि झडप एकेक मिलिमीटर उघडून प्रत्येक वेळीं दुसऱ्या नळीचा आंकडा लिहून ठेवावा. झडप मिटलेली असतां दुसऱ्या नळींतील पाणी समपातळीवर राहिलें नाहीं, तर पेटी कोठेंतरी गळते असें समजावें.

येथें एक फसगत संभवते. आंकडा ४ इंचांवरून ४.८४ इंचांवर गेला, म्हणजे हवा एकवीस टक्के वाढली असें नव्हे. ती दहा टक्केच वाढली. हवेचें मान दाबाच्या वर्गमूळाप्रमाणें बदलतें. दुप्पट हवा हवी तर चौपट ओढ लागते.

कापलेला धातु परत येत नाहीं. म्हणून भाच्यानें जुन्या बाजारांतून दुसरें हेड आणलें. या खेपेस वाट रुंद केली नाहीं. बैठक ४५ अंशांची ठेवून ज्वलनपोकळीकडील बाजूस ३० व वाटेकडील बाजूस ६० अंशांची धार दिली, आणि बैठकीखालील ओबडधोबड कंगोरा तेवढा हलक्या हातानें गुळगुळीत केला. प्रत्येक कामानंतर पुनः मोजणी. एकदां आंकडा खालीं आला, तेव्हां हात तेथेंच थांबला. आरशाची चकाकी कोठेंच दिली नाहीं.

दिवाळीनंतर तीच मोटार, तीच माणसें, तोच घाट. ती कांहीं शर्यतीची गाडी झाली नव्हती. पण दुसऱ्या गिअरवर, एका सुरांत, ती माथ्यावर गेली. वैशाखांत मोटार विकण्याची गोष्ट निघाली होती. बहीण आतां इतकेंच म्हणाली, “अरे, हे असते तर तुझी ती वही आधीं पाहायला मागितली असती.” मेहुणे आयुष्यभर गणिताचे शिक्षक होते. भाच्यानें ती आंकड्यांची वही मोटारीच्या कप्प्यांत जपून ठेविली आहे.