खालच्या घराचं छत

परीक्षा तोंडावर आल्या, की ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या सोसायट्यांतून एक भांडण हमखास डोकं वर काढतं. वर मसाला कुटला जातो, खुर्च्या ओढल्या जातात, आणि खाली दहावीचं पोर कानांत बोटं घालून बसतं. मग खालच्या वहिनी विचारतात, छताला थर्माकोल लावू का? मैत्रिणींनो, पैसे वाया घालवू नका! थर्माकोल हलका, त्यानं आवाज अडत नाही, उलट आगीची भीती.

बोलणं, रेडिओ हे हवेतून येणारे आवाज. त्यांना जड स्लॅब बरीच अडवते. ठोक्याचं तसं नाही. तो स्लॅबमध्येच शिरतो आणि तुळयांतून, भिंतींतून घरभर फिरतो. म्हणून उपाय करायचा तो जिथे ठोका पडतो तिथे, म्हणजे वरच्या घरात. खालचीनं कितीही खर्च केला तरी गुण थोडाच, आणि हेच वरचीला पटवणं कठीण! जुन्या घरांतली सारवलेली मातीची जमीन ठोका गिळून टाकायची. आपली चकचकीत लादी सिमेंटात घट्ट बसलेली, ती काय गिळणार?

खलबत्ता खोलीच्या मध्यभागी ठेवू नका. स्लॅब तिथेच जास्त हलते. तुळईजवळच्या कोपऱ्यात, खाली गोणपाटाच्या चार-सहा घड्या घालून कुटा. खुर्च्यांना रबरी बूट घाला. मुलं उड्या मारतात तिथे काथ्याची जाड चटई किंवा दुपदरी सतरंजी बरी. पातळ प्लॅस्टिकचं जाजम दिसतं छान, पण ठोक्याला फारसं उपयोगी नाही. आपल्याकडच्या पावसात काथ्या दमट होतो, तेव्हा उघडीप मिळाली की उन्हात टाकायचा. घरात दम्याचं माणूस असेल तर गालिच्यापेक्षा धुता येणारी सतरंजीच बरी.

धुण्याचं मशीन थरथरत असेल तर आधी चारही पाय समपातळीत आहेत ना, ते पाहा. नवं असेल तर मागचे वाहतुकीचे बोल्ट काढलेत का, तेही. मग जाड रबरी तुकडे ठेवा.

लाद्या बदलणारच असाल तर गवंड्याला सांगून खाली रबराचा किंवा बुचाचा थर घालता येतो. तो थर भिंतीच्या कडेनं वरही वळवायचा. लादीचं सिमेंट एका जागी जरी भिंतीला टेकलं, तरी ठोका तिथून निसटतो. जमिनीची उंची वाढते, दारं तासावी लागतात, वजनही वाढतं. जुन्या इमारतीत इंजिनिअरला विचारल्याशिवाय हे करू नये. इमारत पुनर्विकासाला निघाली असेल, तर नळ नि ओट्यांच्या यादीत हा थरही करारातच लिहून घ्या. पुढे कोण लाद्या उखडतंय?

रुळांलगत राहणाऱ्यांना मात्र चटईचा उपयोग नाही. गाडीचा हादरा पायातून वर येतो. रुळांखालची खडी त्यातला काही झेलते, उरलेला आपल्या वाट्याला. खडखडणाऱ्या तावदानांच्या खाचेत रबराची पट्टी बसवा, रात्रीची निदान काच तरी वाजणार नाही.