‘परायाह’ कोणी केले?

जगाने एखाद्या देशाशी संबंध तोडले की इंग्रजी वृत्तपत्रे त्याला ‘परायाह स्टेट’ म्हणतात. रस्त्यावरच्या बेवारस कुत्र्याला तर इंग्रजांनी ‘परायाह डॉग’ असे नावच दिले. आपले शिकलेसवरले लोकही हा शब्द सहज वापरतात. कानाला तो आपल्या ‘पराया’सारखा लागतो, पण त्याचा ‘पराया’शी काही संबंध नाही. ते तामिळ प्रदेशातील आपल्याच बांधवांच्या जातीचे नाव आहे.

तामिळमध्ये ‘परै’ म्हणजे हलगीसारखे चर्मवाद्य. ते वाजविणारे ते परैयर, अशी व्युत्पत्ती बहुतेक कोशकार देतात. सतराव्या शतकात हे नाव इंग्रजीत गेले आणि एकोणिसाव्या शतकात त्याचा अर्थ ‘समाजाने झिडकारलेला कोणीही’ असा झाला. वाद्य विसरले गेले, विटाळ तेवढा उरला! हा विटाळ काय इंग्रजांनी विलायतेहून आणला? नाही. तो येथल्या वर्णव्यवस्थेने त्यांच्या हाती दिला.

या नावाला आपल्या माणसांनी दोन प्रकारे उत्तर दिले. रेट्टमलै श्रीनिवासन यांनी १८९३ साली आपल्या पत्राचे नावच ‘परैयन’ ठेवले. हेच श्रीनिवासन १९३० साली गोलमेज परिषदेत बाबासाहेबांच्या सोबत अस्पृश्यांचे प्रतिनिधी होते. अयोथीदास पंडितांनी हे नाव नाकारले, आम्ही मूळचे बौद्ध आहोत असे ठणकावले आणि १८९८ साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मार्ग दोन, स्वाभिमान एकच.

बाबासाहेबांनी १९२७ साली आपल्या पत्राला ‘बहिष्कृत भारत’ हे नाव दिले. ‘बहिष्कृत’ म्हटले की बहिष्कार टाकणारा कोण, हा प्रश्न लगेच उभा राहतो. ‘परायाह’ म्हटले की टाकणारा सुटतो आणि डाग मात्र सोसणाऱ्याच्या नावाला चिकटतो. दोन शब्दांतला हा फरक साधा नाही.

परैयन ही जात १९५० पासून अनुसूचित जातींच्या यादीत आहे. जातीवरून चारचौघांत अपमान करणे १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरविले. मग तेच नाव अग्रलेखांत शिवीसारखे कसे चालते? शब्दकोशात आहे म्हणून? मनुस्मृतीही ग्रंथच होती!

आमचे आपल्या लेखक-पत्रकारांना सांगणे आहे: हा शब्द टाका. ‘बहिष्कृत’ लिहा, आणि बहिष्कार कोणी टाकला तेही लिहा.