इतकी माहिती पुरे आहे काय?

आमच्या वाचकांच्या घरीं कोणी ना कोणी परीक्षेच्या तयारींत असतेंच; मग ती बँकेच्या नोकरीची असो, कीं व्यवस्थापन-शिक्षणाच्या प्रवेशाची. ह्या परीक्षांत गणिताचा एक निराळा प्रकार येतो. त्यास 'डेटा सफिशिएन्सी' म्हणतात. आपण 'माहितीची पर्याप्तता' म्हणूं. 'जीमॅट' परीक्षेंत तो वर्षानुवर्षें आहे, आणि २०२३ सालीं आलेल्या तिच्या नव्या स्वरूपांत तो 'डेटा इनसाइट्स' ह्या विभागांत गेला आहे. येथें उत्तर काढून दाखवावयाचें नसतें. एक प्रश्न व दोन विधानें दिलेलीं असतात. पहिलेंच विधान पुरेसें आहे, दुसरेंच पुरेसें आहे, प्रत्येक स्वतंत्रपणें पुरेसें आहे, दोन्ही मिळूनच पुरेशीं होतात, कीं मिळूनहि अपुरीं राहतात, एवढाच निर्णय द्यावयाचा. हुशार मुलेंहि येथें फसतात. त्याचें कारण आज एका साध्या रेघेवर पाहूं.

एका सरळ रेषेवर अ, ब व क असे तीन बिंदु आहेत. 'अब' व 'अक' ह्यांचें गुणोत्तर काय? विधान पहिलें: अब : बक = २ : ३. विधान दुसरें: 'अक'ची लांबी २० सेंटिमीटर आहे.

बहुतेक मुलें रेघ ओढतात, डावीकडून अ, ब, क असे बिंदु मांडतात आणि म्हणतात, "दोन भाग व तीन भाग मिळून पांच, उत्तर २ : ५. पहिलें विधान पुरेसें." परंतु ब हा मधला आहे, हें कोणीं सांगितलें? प्रश्नानें नव्हे. तें आकृतीनें सांगितलें, आणि आकृति तर आपणच काढलेली! मधला बिंदु अ असेल, तर 'बक'च्या तीन भागांपैकीं दोन 'अब'चे व उरलेला एक 'अक'चा; गुणोत्तर २ : १. क मधला असणें मात्र शक्य नाहीं, कारण मग 'अब' ही 'बक'हून मोठी झाली असती. तेव्हां दोन उत्तरें संभवतात. पहिलें विधान अपुरें. दुसऱ्यांत ब कोठें आहे ह्याचा पत्ताच नाहीं, तेंहि अपुरें. दोन्ही एकत्र घेतलीं तरी 'अब' एक तर ८ सेंटिमीटर, नाहीं तर ४०. शंका जशीच्या तशी राहिली.

आतां दुसरें विधान बदलून असें घ्या: 'अक' ही 'बक'हून मोठी आहे. ह्यांत एकहि आंकडा नाहीं. पण पहिल्या विधानासह वाचतांच अ मधला असलेली मांडणी बाद होते, कारण तींत 'अक' एक भाग व 'बक' तीन. उरतें तें २ : ५. दोन्ही मिळून पुरेशीं झालीं. लांबीच्या आंकड्यानें जें साधलें नाहीं, तें 'मोठी आहे' एवढ्या शब्दांनीं साधलें.

म्हणून आमची सूचना अशी: प्रथम संभवनीय मांडण्या सगळ्या लिहाव्या. दुसरें विधान हातानें झांकून पहिलें तपासावें, मग पहिलें झांकून दुसरें. दोन्ही अपुरीं ठरलीं तरच एकत्र करावीं. दुसरें उत्तर निघूं शकतें असें दिसतांच थांबावें. 'डेटा इनसाइट्स'मध्यें २० प्रश्नांस ४५ मिनिटें असतात. अनावश्यक आंकडेमोडीस तेथें सवड नाहीं.

एका प्रश्नास अनेक उत्तरें असणें आपल्या परंपरेस परकें नाहीं, भास्कराचार्यांच्या 'लीलावती'मधील (इ. स. ११५०) कुट्टकाचें प्रकरण अशाच प्रश्नांचें आहे. घरांतील वडील मंडळींनीं मुलांस 'उत्तर काय आलें?' एवढेंच न विचारतां, 'हें कशावरून धरलेंस?' असेंहि विचारावें. न दिलेली गोष्ट दिलेली समजण्याची खोड गणितापुरतीच राहत नाहीं.

असो. ह्या महिन्याचा अभ्यास: अ, ब, क, ड हे बिंदु एका रेषेवर ह्याच क्रमानें आहेत. 'बक' व 'अड' ह्यांचें गुणोत्तर काय? पहिलें विधान: अब : बड = १ : ३. दुसरें: अक : कड = ३ : १. 'अड'चे चार समान भाग कल्पून पाहावें. निर्णय पुढील अंकीं देऊं.